फोनवरून पुस्तकावर बंदी येत नाही

दादरमध्ये छोटी प्रकाशनसंस्था चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांनी काढलेल्या कवितासंग्रहातल्या दोन कवितांविरुद्ध एका संघटनेने तक्रार केली. पोलीस ठाण्यातून फोन आला, “वाद नको, पुस्तक दुकानांतून उचला.” वितरकाने त्याच संध्याकाळी गठ्ठे परत पाठवले. त्यांचे प्रश्न असे. पुस्तकावर बंदी आली का? कवीला अटक होऊ शकते का, आणि झाली तर पहिल्या दिवशी काय करायचं? शिवाय जे लेखक आधीच आत आहेत त्यांच्यासाठी आपल्यासारख्यांना काही करता येतं का, की नुसती निषेधाची पत्रकं काढत बसायचं?

मी फोर्टात 28 वर्षं फौजदारी वकिली करतो. त्यात पुस्तकं, नाटकं, व्यंगचित्रं, फेसबुकच्या पोस्टी हे सगळं आलं. ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, नाही. बंदी आलेली नाही. तुमचं पुस्तक वितरकाने उचललं आणि तुम्ही ते परत घेतलंत, एवढंच झालं आहे.

पुस्तक सरकारजमा करायचा अधिकार ठाण्याला नाही, आयुक्तांनाही नाही. तो राज्य सरकारला आहे आणि तो राजपत्रातल्या अधिसूचनेनेच वापरता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 95 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 मध्ये आहे. मजकूर जवळपास तोच. कोणत्या गुन्ह्याखाली हे पुस्तक मोडतं आणि सरकारला तसं का वाटतं, याची कारणं त्या अधिसूचनेतच लिहावी लागतात. कारणं नसतील तर अधिसूचना टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच सांगून ठेवलं आहे. अधिसूचना निघाली की पोलीस प्रती जप्त करू शकतात. तिच्या तारखेपासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात अर्ज करायचा, आणि तो तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालतो. हे दोन महिने फार लोक हातचे घालवतात. सभा होतात, लेख येतात, सह्यांची मोहीम चालते, आणि वकिलाकडे फाइल येते ती सत्तराव्या दिवशी.

तेव्हा पहिली गोष्ट, कागद मागा. “साहेब, मी नक्की सहकार्य करते, पण आपलं म्हणणं लेखी द्या,” एवढं नम्रपणे म्हणायचं. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ प्रकरणं इथेच थांबतात, कारण लेखी द्यायला कुणी तयार नसतं. कधी कधी एक नोटीस येते. जुने लोक तिला ‘149 ची नोटीस’ म्हणतात, आता ते कलम 168 झालं आहे. कायदा-सुव्यवस्था बिघडली तर तुम्हाला जबाबदार धरू, अशी तिची भाषा असते. वाचून घाम फुटतो. पण ती समज आहे, बंदीचा हुकूम नाही. तिला लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

कागदाचं महत्त्व कळायला सलमान रश्दींचं प्रकरण पाहा. (माणूस मुळात आपल्या मुंबईचाच.) 1988 च्या ऑक्टोबरात त्यांच्या कादंबरीच्या आयातीवर सीमाशुल्क कायद्याखाली बंदी आल्याचं सगळ्या देशाने छत्तीस वर्षं गृहीत धरलं. एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात त्या अधिसूचनेला आव्हान दिलं, तेव्हा ती अधिसूचनाच कुठल्या खात्याला सापडेना. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालय म्हणालं की मग ती अस्तित्वातच नाही असं धरायला हवं. इतकी वर्षं पुस्तक न ठेवणाऱ्या दुकानदारांपैकी किती जणांनी ती अधिसूचना कधी पाहिली असेल?

बंदीचा कागद निघाला तरी तो शेवटचा शब्द नसतो. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकाचा क्रम नीट लक्षात ठेवा, कारण तो तुमच्या उपयोगाचा आहे. नोव्हेंबर 2003 मध्ये प्रकाशकाने पुस्तक भारतातून मागे घेतलं, माफीही मागितली. त्यानंतर, 5 जानेवारी 2004 ला, पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. मग गुन्हा नोंदला गेला आणि त्याच महिन्यात बंदीची अधिसूचना आली. म्हणजे पुस्तक मागे घेतल्याने पुढचं काहीच टळलं नाही. त्या पुस्तकातला तो वादग्रस्त मजकूर मलाही सवंग वाटला होता. पण मला काय वाटलं हा कायद्याचा प्रश्न नव्हे. अधिसूचनेला आव्हान कुणी दिलं? लेखकाने नाही, प्रकाशकानेही नाही. अर्जदार होते एक वकील, माहितीपटकार आनंद पटवर्धन आणि एक सामाजिक कार्यकर्त्या. तिघंही वाचक म्हणून गेले. कायद्यातले शब्द आहेत पुस्तकात ‘हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती’. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2010 मध्ये तो निकाल कायम केला. मुख्य दोष काय होता? गटागटांत तेढ निर्माण होते असं सरकारने लिहिलं होतं, पण कोणते गट, ते लिहिलंच नव्हतं. कागद नीट वाचला की केस अशी सापडते. निकालानंतरही ते पुस्तक मुंबईतल्या कुठल्या दुकानाच्या फळीवर मला दिसलं नाही, ही गोष्ट वेगळी.

न्यायालय दरवेळी लेखकाच्याच बाजूने उभं राहतं असं समजू नका. गोपाळ गोडसे यांच्या मराठी पुस्तकाची जप्ती याच उच्च न्यायालयाने 1969 मध्ये रद्द केली. पण 2010 च्या जानेवारीत एका वकिलाने इस्लामवर लिहिलेल्या पुस्तकाची बंदी तीन न्यायमूर्तींनी कायम ठेवली. कसोटी दोन्हीकडे एकच होती, पुस्तक अखंड वाचायचं, सुटी वाक्यं उचलायची नाहीत. नव्या कलम 98 चा मोठा वापर झाला तो 5 ऑगस्ट 2025 ला, जम्मू-काश्मीरमध्ये एकाच अधिसूचनेने 25 पुस्तकं सरकारजमा. त्यात ए. जी. नूरानी यांचं काश्मीर प्रश्नावरचं पुस्तकही होतं. नूरानी आमच्याच उच्च न्यायालयाच्या बारमधले. आदल्या वर्षीच गेले, त्यामुळे हे पाहायला उरले नाहीत.

(नाटकाचं गणित निराळं आहे. महाराष्ट्रात पुस्तकाला आधी परवानगी लागत नाही, नाटकाला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या कवितांचा रंगमंचीय प्रयोग कुणी करणार असेल तर ते वेगळं विचारा.)

आता अटकेकडे. तुमच्या तक्रारीत बहुधा भारतीय न्याय संहितेची 196 आणि 299 ही कलमं लावतील, म्हणजे जुनी 153अ आणि 295अ. साधारणपणे दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती आली तर हजर व्हा, टाळू नका. शिवाय 28 मार्च 2025 चा इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापून जवळ ठेवा. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा, बोलण्या-लिहिण्याचा गुन्हा असेल तर एफआयआरआधी त्याच संहितेच्या कलम 173(3) खाली प्राथमिक चौकशी करणं योग्य, ती चौदा दिवसांत पुरी करायची, असं त्यात आहे. आणि मजकूर कुणाच्या नजरेने वाचायचा, तर खंबीर मनाच्या समंजस माणसाच्या, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो त्याच्या नाही. ही कसोटी मुळात आपल्या नागपूरची, 1946 साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेली.

कायद्यात हे सगळं आहे. ठाण्यात काय होतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका ठाण्यात रात्री साडेनऊला एका कवीबरोबर बसलो होतो. उपनिरीक्षक तरुण होता, स्वभावाने वाईट नव्हता. संग्रह उघडून, पेन्सिलीने खुणा करत तो प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होता. एका ओळीशी थांबून म्हणाला, “यात ‘ते आले’ असं आहे. हे ‘ते’ म्हणजे नेमके कोण?” कवीने प्रतिमा, सूचकता, अनेकार्थता असं काहीतरी समजावायला सुरुवात केली. मी त्याचा गुडघा दाबला. ठाण्यात कवितेचं रसग्रहण करायचं नसतं. तिथे बोललेलं प्रत्येक वाक्य जबाबात निराळ्या मराठीत उतरतं. तासाभराने पंचनामा झाला, त्यात लिहिलं होतं, “कवितेची पुस्तके, नग 14, किंमत अंदाजे 700 रुपये.” पुस्तकाचं नाव नव्हतं, आवृत्ती नव्हती. मी ते आग्रहाने लिहायला लावलं, कारण पुढे तीन वर्षांनी कोर्टात मुद्देमाल उघडला जातो तेव्हा ‘हेच ते पुस्तक’ हे ठरवायचं असतं.

म्हणून पहिल्या दिवसाचं सांगतो. वकीलपत्रावर कवीची सही आजच घेऊन ठेवा, अटकेनंतर सहीसाठी धावपळ नको. अटकेची कारणं लेखी मागा. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यासारख्या, म्हणजे यूएपीएच्या प्रकरणातही ती लेखीच द्यावी लागतात, हे 2024 च्या मे महिन्यात न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाच्या संपादकांच्या खटल्यात ठरलं आहे. फोन आणि लॅपटॉप घेतले तर पंचनाम्यात हॅश व्हॅल्यू (आतला मजकूर नंतर बदलला तर कळावं म्हणून काढलेला आकडा) नोंदवायला सांगा आणि नोंदवली नाही तर तसा आक्षेप लेखी द्या. पुस्तकाची पूर्ण प्रत वकिलाकडे द्या, त्या दोनच पानांची झेरॉक्स नको. अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार असू द्या. वेगवेगळ्या राज्यांत एकाच मजकुरावर एफआयआर होऊ लागले, तर ते एकत्र करायला थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं, त्याचा खर्च आत्ताच मनात धरा. आणखी एक, कलम 196 आणि 299 मध्ये सरकारची मंजुरी असल्याशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही. अटक मंजुरीशिवाय होते, खटला होत नाही. मंजुरीचं पत्र दोषारोपपत्राला जोडलं आहे का, हे मी सगळ्यात आधी पाहतो.

आणि एक अवघड सल्ला. तुम्ही आणि कवी वेगवेगळे वकील करा. तुमचं आज पटतं आहे म्हणून राग मानू नका. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधींवरची कविता 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 2015 मध्ये निकाली निघालं, एकवीस वर्षांनी. अंकाचे प्रकाशक सुटले, कारण त्यांनी आधीच बिनशर्त माफी मागितली होती, आणि त्यांच्याबरोबर मुद्रकही सुटले. कवीला मात्र खटल्याला सामोरं जा असं सांगितलं गेलं. माफी मागावी की नाही हे मी कुणाला सांगत नाही. पण प्रकाशकाच्या माफीने कवी एकटा पडतो, आणि ती माफी लिहिणारा वकील दोघांचा असून चालत नाही.

खटला उभा राहिलाच तर तो किती काळ चालतो याचं मापही घ्या. चंद्रकांत काकोडकर यांची एक कथा ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. दंडाधिकाऱ्यांनी सोडलं, उच्च न्यायालयाने अश्लीलतेबद्दल दोषी धरलं. दंड 25 रुपये. ते सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरले 1969 मध्ये. पंचवीस रुपयांसाठी सात वर्षं. त्याआधी 1934 मध्ये र. धों. कर्व्यांचा खटला बाबासाहेब आंबेडकरांनी चालवला होता, ‘समाजस्वास्थ्य’मधल्या लैंगिक प्रश्नोत्तरांवरून. तो ते हरले, कर्व्यांना दंड झाला. आज ती उत्तरं कुठल्याही दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत निमूट छापली जातील.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा लांबतो.

यूएपीएच्या प्रकरणात पुस्तक पुरावा म्हणून येतं, तेव्हा बंदी नसलेलं पुस्तकही माणसाला आत ठेवायला पुरतं. एल्गार परिषद प्रकरणात व्हर्नन गोन्साल्विस यांना ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईत अटक झाली. वर्षभराने त्यांच्या जामीन अर्जात ‘वॉर अँड पीस’ घरात का ठेवलंत, असा प्रश्न निघाला आणि टॉलस्टॉयवरून देशभर विनोद झाले. खरं तर पोलिसांच्या यादीतलं पुस्तक दुसरंच होतं, नावात तेच शब्द असलेला, बंगालमधल्या जंगलमहालावरच्या लेखांचा संग्रह. आम्हा वकिलांना त्यात हसू आलं नाही, कारण टॉलस्टॉय नसून दुसरं पुस्तक असलं तरी ते बाळगणं हा गुन्हा कसा, हा मूळ प्रश्न विनोदात वाहून गेला. त्याचं उत्तर 28 जुलै 2023 ला आलं. नुसतं साहित्य बाळगणं, अगदी त्यात हिंसेचा पुरस्कार असला तरी, यूएपीएखाली गुन्हा होत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. दोन तारखांमध्ये पाच वर्षं गेली.

त्या पाच वर्षांत माणूस कशाने खचतो? आरोपांनी नाही. चष्म्याने, औषधाने, न मिळालेल्या पुस्तकाने. त्याच प्रकरणातल्या गौतम नवलखांचा चष्मा तळोजा तुरुंगात चोरीला गेला, घरच्यांनी पाठवलेला नवा परत गेला, आणि डिसेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. पुढे त्यांना वुडहाउसचं विनोदी पुस्तक सुरक्षेच्या कारणाने नाकारलं. एप्रिल 2022 मध्ये हे ऐकून न्यायमूर्तींनीच ते हास्यास्पद ठरवलं. सुधा भारद्वाज यांना भायखळ्याच्या तुरुंगात महिन्याला बाहेरची पाच पुस्तकं मिळावीत म्हणून कोर्टाचा हुकूम आणावा लागला. फादर स्टॅन स्वामींना कंपवात होता, पेला हातात धरता येत नव्हता, म्हणून त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. त्याला आठवडे लागले. 5 जुलै 2021 ला ते मुंबईतल्या रुग्णालयात गेले, वय 84, कैदी म्हणूनच.

म्हणून मदत करायची तर इथे करा. पत्रं लिहा, पोस्टकार्डं उत्तम. उघडी असतात, तपासायला सोपी, लवकर पोचतात. खटल्याबद्दल एक अक्षर नको; पाऊस, आंबे, नातवंडं, काय वाचलंत, एवढंच. मनीऑर्डर करा, कॅन्टीनला उपयोगी पडते. पुस्तक पाठवण्याआधी वकिलाला विचारा. तारखेला कोर्टात येऊन नुसतं मागच्या बाकावर बसा. कैद्याला आणायला गार्ड नाही म्हणून तारखा पुढे जातात तेव्हा त्या बाकावर माणसं असणं कोर्टालाही दिसतं. आणि कुठलीही मोहीम घरच्यांना विचारल्याशिवाय करू नका. एका प्रकरणात हितचिंतकांच्या जाहीर सभेचं कात्रण सरकारी वकिलांनी जामिनाला विरोध म्हणून लावलं होतं.

पत्रकांना मी कमी लेखत नाही. 1897 मध्ये टिळकांना मुंबई उच्च न्यायालयात अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी विनंती करणाऱ्यांत ऋग्वेदाचे पंडित मॅक्स म्युलर होते. टिळक पुढच्याच वर्षी मुदतीआधी सुटले. त्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील दावर, 1908 मध्ये त्यांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा देणारे न्यायमूर्ती होते. आमच्या व्यवसायात अशा गोष्टी घडतात. लेखकांनी तुरुंगातल्या लेखकांसाठी संघटित होण्याचं काम आंतरराष्ट्रीय पेन या संस्थेने 1960 पासून नेमून घेतलं आहे, 15 नोव्हेंबर हा बंदिवान लेखकांचा दिवस पाळला जातो. त्याच पेनची भारतातली शाखा 1933 मध्ये सोफिया वाडियांनी मुंबईतच काढली. न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये निसीम इझिकेल तिचं काम पाहत बसायचे. माझ्या चेंबरपासून चालत वीस मिनिटं.

ताई, उद्या सकाळी एवढं करा. वितरकाला लेखी कळवा की पुस्तकावर कोणतीही बंदी नाही आणि गठ्ठे परत घ्यावेत. ठाण्याला पत्र द्या की अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक नंबरवरून आपला फोन आला होता, काही आदेश असल्यास लेखी द्यावा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. आणि कवीला फोन करून सांगा, चालू औषधांची चिठ्ठी, रक्तगट आणि चष्म्याचा नंबर एका कागदावर लिहून घरच्यांकडे ठेवायचा, एक जादा चष्माही करून घ्यायचा. त्यांच्या पत्नीसमोर बोलू नका, उगाच घाबरतील. त्यांना मी भेटून सांगेन.